तिजेच्या दोन घागरी

पंचफुलानं ओसरीत गव्हाच्या राशीवर घागर बसवली, तिच्या गळ्याला सूत गुंडाळलं आणि आंब्याची पानं घ्यायला वळली, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. धोंडबा आला होता. निमखेडीहून पहाटे निघून कन्हानला एस.टी. धरलेली, त्यामुळे धोतर धुळीनं भरलेलं. मागे त्याची बायको भीमाबाई, डोक्यावर भेदरांची, म्हणजे टोमॅटोंची, टोपली. आणि धोंडबाच्या खांद्यावर एक कोरी घागर.

ती घागर पाहिली आणि पंचफुला पानं घ्यायची विसरली.

“गावच्या कुंभाराची आहे, अक्का,” धोंडबा म्हणाला. “इथल्या घागरीत पाणी गार होत नाही.”

असेलही तसं. पण ती घागर त्यानं पंचफुलाच्या घागरीशेजारी ठेवली नाही. दाराशी, आपल्या चपलांजवळ ठेवली, परत न्यायच्या सामानासारखी. थोरल्या बहिणीच्या नजरेतून अशा गोष्टी सुटत नसतात, आणि धाकट्या भावांना वाटत असतं की सुटतात.

अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तर या घराण्यात ती एकच भरली जायची आणि घरातला थोरला भाऊ भरायचा. दरवर्षी तिजेला नागपूरची सगळी मंडळी निमखेडीला जात. धोंडबा घागर भरी, धाकटा गोपाळराव नैवेद्याची पत्रावळ मांडी. यंदा कॉर्पोरेशनची सभा नेमकी तिजेच्याच दिवशी लागली आणि गोपाळराव पडला नगरसेवक, त्याला शहर सोडता येईना. म्हणून पंचफुलानंच मधे पडून ठरवलं की यंदा तीज नागपुरात सक्करदऱ्याला, गोपाळच्या घरी. ती विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून याच घरात राहत होती. थोरल्यानं धाकट्याच्या दारी येऊन घागर भरण्यात काही कमीपणा नाही, हे तिनं धोंडबाला परोपरीनं समजावलं होतं, तेव्हा कुठे तो ‘हाव’ म्हणाला होता.

एका घराच्या दोन घागरी तिनं एकदा पाहिल्या होत्या. ती परकर नेसायची तेव्हाची गोष्ट. निमखेडीला नाल्यावर बांध होता, बांधातून पाट निघायचा, आणि पाटाचं पाणी कोणाच्या वावराला कधी सोडायचं हे गावानं नेमलेला एक माणूस ठरवायचा. नियम असा की पाणी वाटणाऱ्यानं आपलं वावर सगळ्यांच्या शेवटी भिजवायचं. त्या वर्षी वाटप तिच्या बापाकडे, देवाजीकडे होतं. पावसानं दडी मारली, मिरची माना टाकू लागली, आणि देवाजीला ते पाहवलं नाही. त्यानं एकदाच, एकाच पाळीला, पाणी आधी आपल्या वावरात घेतलं. खालचं वावर धाकट्या भावाचं, लहानूकाकाचं. तिथवर पाणी पोचलंच नाही. पुढच्या तिजेला ओसरीत मधोमध बांबूचा तट्टा उभा राहिला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन घागरी भरल्या गेल्या. दोघे भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. काकाची रुखमा म्हणजे पंचफुलाची जिवाची मैत्रीण, एका ताटात जेवणारी. पंचफुलाच्या लग्नात तिला तट्ट्याआडून अक्षता टाकाव्या लागल्या. पुढे काकाची पोरं उमरेडच्या खाणीवर गेली आणि रुखमाही तिकडचीच झाली.

आणि आता पुन्हा पाणीच आडवं आलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर नदीखोऱ्याचं एक नवं पाणी मंडळ निघालं. कन्हान नदीचं पाणी उन्हाळ्यात शहरानं किती उचलायचं आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांची पाणी उपसायची इंजिनं किती दिवस चालू द्यायची, हे ते मंडळ ठरवणार. त्यात नागपूरचा एक माणूस असणार आणि तो नगरसेवकांनी हात वर करून निवडायचा. पक्षानं गोपाळचं नाव पुढे केलं, कारण त्याच्याविषयी कोणी वाईट बोलत नसे. विरोधात धंतोलीचा विश्वनाथ. त्याला ना वावर ना विहीर.

कांताबाईची, म्हणजे गोपाळच्या बायकोची, खात्री होती की नवरा मंडळावर गेला की नळ दुपारीही येईल. मोहल्ल्यातल्या बायकांना तिनं तसं सांगूनही टाकलं होतं. धोंडबाची खात्री होती की सख्खा भाऊ मंडळावर बसला म्हणजे निमखेडीच्या इंजिनांना कोणी हात लावणार नाही. त्यानंही गावाला तसं सांगून टाकलं होतं. दोघांनाही गोपाळनं हो म्हटलं होतं. हा त्याचा जुना रोग. कोणी काही मागितलं की त्याची मान आधी हलायची आणि विचार मागाहून यायचा. निवडणूकसुद्धा तो त्या मानेवरच जिंकला होता.

खरं काय ते एकट्या पंचफुलाला माहीत होतं. चार दिवसांपूर्वी गोपाळ सायकलचं दुकान बंद करून आला तो कपडेही न बदलता तिच्यापाशी बसला.

“अक्का, तुह्या देवाले सांग, मले पाड म्हणा.”

“मंग नाव मागं घे ना.”

“मागं घेतलं त दोघंही विचारतीन, काहून घेतलं. काय सांगू?”

“जे आहे ते सांग.”

“तेच त होत नाही ना,” गोपाळ म्हणाला.

तेव्हापासून पंचफुला देवाला रोज सांगत होती. सख्ख्या भावाला पाडायचं मागणं मागताना तिला लाज वाटे, म्हणून ते ती सगळ्यात शेवटी, घाईघाईनं मागून घेई.

कांताबाई भासऱ्याशी थेट बोलत नसे. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे पदर घ्यायचा आणि बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून, ही त्या घरची रीत. तिसरं माणूस म्हणजे पंचफुला. वर्षानुवर्षं ती स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामधल्या उंबरठ्यावर बसून निरोप पोचवत आली होती, आणि पोचवताना त्यातले काटे काढत आली होती. भिंतीआडून दोघांनाही एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येई, हा भाग वेगळा. पण पंचफुलानं सांगितलेलं तेच खरं धरायचं, असं सगळ्यांचं न बोलता ठरलेलं होतं.

“अक्का, तिले सांग,” धोंडबानं चहाची बशी खाली ठेवली. “गोपाळ आला निवडून का पहिलं काम आपल्या इंजिनाचं. त्याच्या भरोशावर मिरचीची रोपं टाकून राहिले लोक.”

पंचफुला आत वळून म्हणाली, “भाऊ म्हणते, गोपाळच्या हातून चांगलं होईन.”

आत कांताबाई पाट्यावर पुरण वाटत होती. वरवंटा जरा जोरात फिरला. “त्याईले म्हणा, एक दिवस नळावर उभं राहून पाहा. पोरगी तारा कॉलेज सोडून हंडे भरून राहिली.”

“कांता म्हणते, इथंही पाण्याचा खूब त्रास आहे.”

असं बराच वेळ चाललं. एरवी दोघी जावांचं इतकं गूळपीठ की त्या एकत्र आल्या की नवऱ्यांची धडगत नसे. आज भीमाबाई खाली मान घालून भेदरं चिरत होती आणि कांताबाई तिला मीठसुद्धा मागत नव्हती. शेवटी भीमाबाई हात धुवायचं निमित्त करून परसात गेली आणि पंचफुलाला खुणेनं बोलावून घेतलं.

“अक्का, कोणाले सांगू नका,” ती हळूच म्हणाली. “भाऊजी पडले पाहिजे.”

भीमाबाईनं मग सगळं ओतलं. मंडळावर कोणीही बसला तरी एखाद्या उन्हाळ्यात इंजिनं बंद होणारच. नदीलाच पाणी नसलं तर कोण काय करणार? पण ते बंद करणारा परका असला तर धोंडबा त्याला शिव्या देईल आणि जेवून झोपेल. भाऊ असला तर त्याला शिव्याही देता येणार नाहीत आणि झोपही लागणार नाही.

हे ऐकून पंचफुलाला एकदम बरं वाटलं. देवाकडे असं मागणं मागणारी ती एकटी नव्हती.

दुपार कलायला आली तरी गोपाळ आला नाही. पोळ्या झाल्या, चिंचवणी झाली, पत्रावळ मांडून झाली. घागर मात्र कोरडीच. धोंडबाला भर म्हटलं तर तो म्हणाला, गोपाळला येऊ दे, काय होते ते पाहू. पितरांना ताटकळत ठेवून हात मोजायचे, हे पंचफुलाला पटेना. हाताला काम उरलं नाही की माणसं भांडतात, तशी धोंडबा आणि कांताबाई भांडली.

सुरुवात कोणी केली यावर पुढे कधीच एकमत झालं नाही. धोंडबा म्हणाला की शहर म्हणजे बूड नसलेला रांजण आहे, नदी आटली तरी भरायचा नाही. कांताबाई म्हणाली की ज्या शहराला वांगी-भेदरं विकून घरावर माडी चढवली, त्या शहराला पाणी देताना जिवावर काहून येते. पंचफुलानं दोन्ही निरोप अर्धेमुर्धे पोचवले. मग धोंडबा उभा राहिला.

“तिले सांग, अक्का. गोपाळनं त्या मंडळात शहराकडून हात वर केला, त त्या दिवसापासून निमखेडीची घागर वेगळी.”

आतून उत्तर यायला वेळ लागला नाही. “वेगळी त वेगळी, म्हणा.”

धोंडबा दाराशी गेला, चपलांत पाय घातले, आपली घागर उचलून खांद्यावर घेतली आणि बायकोला म्हणाला की चल, संध्याकाळची गाडी भेटते. भीमाबाई जागची हलली नाही. पंचफुला मात्र उठली. ती दोघांमधून वाट काढत गेली आणि बाहेरच्या दारातच मांडी घालून बसली. या निरोपातला काटा कसा काढायचा ते तिला कळेना. तो काढला तर मागे काही उरतच नव्हतं.

“हा निरोप मी नाही नेत,” ती म्हणाली. “घर मोडायचं असन त एकमेकाच्या तोंडावर सांगून मोडा. आमच्या बाबानं अन् काकानं मोडलं, ते मी पाहिलं. पुन्हा पाहायची माही ताकद नाही.”

कांताबाई पदर सावरत स्वयंपाकघराच्या दारात आली खरी, पण भासऱ्याच्या तोंडावर बोलायला तिची जीभ रेटेना. धोंडबाही खांद्यावर घागर घेऊन भिंतीकडे पाहत उभा राहिला. जुनी रीत कधीकधी अशीही कामाला येते.

बाहेर भिंतीला सायकल टेकल्याचा आवाज झाला. गोपाळ टोपी हातात घेऊन आला आणि दारात बसलेली बहीण, चपला घातलेला भाऊ, उंबऱ्यात उभी बायको, असं सगळं पाहून पायरीवरच थबकला.

“विश्वनाथ आला,” तो म्हणाला. “मी पडलो.”

मग तोच पुढे सांगू लागला. मतं घ्यायच्या आधी दोघांनाही बोलायला लावलं होतं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं की दुष्काळ पडला, नदीत पाणी थोडं, तर आधी कोणाला देणार? विश्वनाथ म्हणाला, शहराला. बाकं वाजली. गोपाळनंही तेच उत्तर घोकून नेलं होतं, रस्ताभर सायकलवर ते पुटपुटत गेला होता.

“उभा राहिलो, अन् तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, आमच्या गावी पाणी वाटणारा आपलं वावर शेवटी भिजवते. शहराचा माणूस वाटपाले बसला, त शहरानं शेवटीच घेतलं पाहिजे.”

सभागृह आधी हसलं म्हणे. मग त्याच्या पक्षाचे लोक हसायचे थांबले आणि एकमेकांकडे पाहू लागले. असा माणूस मंडळावर पाठवून वॉर्डातल्या बायकांना तोंड कसं दाखवायचं? हात वर झाले ते विश्वनाथसाठी, पक्षाच्या लोकांचेही. निदान स्वतःचं मत तरी स्वतःला दिलंस का, असं पंचफुलानं विचारलं.

“नाही,” गोपाळ ओशाळून म्हणाला. “सगळ्याईनं हात वर केला, त माहाही झाला.”

धोंडबा इतका वेळ डोळे बारीक करून ऐकत होता. “तू भर सभेत पाटाचा नियम सांगितला?”

“निघून गेला तोंडातून, दादा.”

धोंडबाचे खांदे हलू लागले. खांद्यावरची घागर डुगडुगली, तेव्हा ती त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि तो हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. “बरं झालं गा,” तो म्हणाला. “लय बरं झालं. आता त्या विश्वनाथले पोटभर शिव्या देता येतीन.” भीमाबाईनं पंचफुलाकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबला.

आता सगळ्यांच्या नजरा कांताबाईकडे वळल्या. मोहल्ल्यात शब्द देऊन बसली होती ती. उद्या नळावर बायका तिला सोडणार नव्हत्या. गोपाळ चाचरत म्हणाला, “कांता, नळाचं आपण…”

“चुलीत गेला तो नळ,” ती म्हणाली. आणि मग तिनं जे केलं ते त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. पदर डोक्यावर नीट घेऊन ती सरळ धोंडबाकडे वळली. “भाऊजी, चपला काढा. पोळ्या गार होऊन राहिल्या.”

धोंडबानं सवयीनं पंचफुलाकडे पाहिलं, उत्तर पाठवायला. पंचफुलानं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

“काढतो,” धोंडबा कांताबाईला म्हणाला, आणि त्यानं चपला काढल्या.

कांताबाई तिथंच भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. गेले कितीतरी दिवस तिला झोप नव्हती, हे तिनं रडता रडता सांगितलं. नळ आला आणि ताराच्या लग्नात मोठे काका आले नाहीत, तर त्या पाण्यानं काय न्हायचं, हा विचार तिला खात होता. पण मोहल्ल्यात बोलून बसल्यावर मागे कसं फिरणार? म्हणजे घरातल्या प्रत्येकालाच गोपाळ पडायला हवा होता आणि प्रत्येक जण तो निवडून यावा म्हणून भांडत होता. पंचफुलाला हसावं की सगळ्यांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा ते कळेना. तिला इतकं हलकं वाटत होतं की दारातून उठताना तिनं गोपाळच्या हाताचा आधार घेतला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

“भर आता घागर,” ती धोंडबाला म्हणाली.

धोंडबाच्या हातात त्याची घागर अजून होतीच. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. दाराशी पुन्हा ठेवायची त्याला लाज वाटली असावी. पंचफुलानं कोठीतून आणखी दोन ओंजळी गहू आणले, आपल्या घागरीशेजारी दुसरी रास घातली आणि त्या राशीकडे बोट केलं.

“दोन?” गोपाळ म्हणाला.

“एक बाबाची. एक लहानूकाकाची. काकाले आपल्या हातचं पाणी कधी गेलंच नाही.”

धोंडबानं घागर राशीवर बसवली, पंचफुलानं तिच्या गळ्याला सूत गुंडाळलं. कांताबाईनं पहाटे नळावरून भरून ठेवलेला हंडा पुढे ओढला आणि तांब्या भासऱ्याच्या हातात दिला. धोंडबानं तांब्यातलं पाणी पाहिलं. कन्हानचंच होतं ते, त्याच्या वावराजवळून निघून नळातून इथवर आलेलं.

देवाजी थोरला. त्याची घागर पहिली भरायची, हे सांगायची गरज नव्हती. धोंडबानं तांब्या तिच्या तोंडाशी नेला, आणि थांबला. मग त्यानं तांब्या मागे घेतला आणि तो दुसऱ्या घागरीकडे सरकला.

“आधी काका,” तो म्हणाला. “त्या वर्षी वाटप बाबाकडे होतं.”

गोपाळनं हात जोडले. लहानूकाकाची घागर गळ्यापर्यंत भरली. त्यानंतर देवाजीची भरली, सगळ्यांत शेवटी, नियमाप्रमाणे. पंचफुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला घाई नव्हती. भीमाबाईनं घागरींवर आंब्याची पानं ठेवली आणि कांताबाई पोळ्या वाढायला आत गेली.

जेवणं चालू असतानाच पंचफुलानं गोपाळला विचारून घेतलं की उद्या उमरेडची पहिली गाडी कधी सुटते. रुखमाला जाऊन सांगायचं होतं, तुझ्या बापाला आमच्या घरून पाणी गेलं आणि आमच्या बापाच्या आधी गेलं. हा निरोप ती जसाच्या तसा नेणार होती.